तीनशे वर्षांचा खटला: बार्बेरीचे झुडूप आणि गव्हावरील तांबेरा

१/२२
मुंबईतील बॅलार्ड इस्टेटमधल्या ‘ब्रिटानिया’ या जुन्या इराणी उपाहारगृहात बेरी पुलाव मागवला, की भातावर लहान, लालभडक, आंबट फळे पसरलेली दिसतात. इराणमध्ये त्यांना झरिश्क म्हणतात. काष्ठौषधीच्या दुकानात दारुहळद मागितली, तर पिवळ्याजर्द लाकडाचे तुकडे पुडीत बांधून मिळतात. ही फळे आणि ते लाकूड एकाच वंशातील झुडपांचे आहे. त्या वंशाचे नाव बर्बेरिस, बोलीत बार्बेरी. या सुंदर, काटेरी झुडपावर गव्हाच्या पिकाचा घात केल्याचा आरोप होता. त्या आरोपाची, पुराव्याची आणि शिक्षेची ही कहाणी.

२/२२
प्रथम आरोपीची ओळख करून घेऊ. बर्बेरिस वंशात सुमारे ५०० जाती आहेत. त्यांची सर्वाधिक विविधता हिमालय व चीनच्या पर्वतराजीत आणि त्याखालोखाल दक्षिण अमेरिकेच्या अँडीज पर्वतात आढळते. युरोप, आफ्रिका व उत्तर अमेरिकेतही तिच्या जाती आहेत. ऑस्ट्रेलियात मात्र मूळची एकही नाही. काही जाती हिवाळ्यात पाने गाळतात, काही सदाहरित असतात. लांब फांदीवरील काटा म्हणजे रूपांतरित पान. त्याच्या बगलेतून निघालेल्या आखूड फांदीवर पानांचा झुबका येतो. साल खरवडली की आतले लाकूड पिवळे दिसते. हा रंग बर्बेरिन या अल्कलॉइडचा.

३/२२
फूल लहान, पिवळे. पण त्यात एक नवल दडलेले आहे. पुंकेसराच्या बुडाशी कीटकाचा किंवा टाचणीच्या टोकाचा स्पर्श होताच तो केसर झटकन आत वळतो. मधाच्या शोधात आलेल्या माशीच्या अंगावर असा परागांचा शिडकावा होतो. अठराव्या शतकातील वनस्पतिशास्त्रज्ञांना या ‘स्पर्शज्ञानी’ फुलाचे फार कौतुक होते. फुलांमागून फळे येतात: कुठे लाल, कुठे निळसर काळी, त्यांवर कधी पांढरट लव. पक्षी ती खातात आणि बिया दूरवर टाकतात. बागेच्या कुंपणातले झुडूप रानात पोहोचते ते याच वाटेने.

४/२२
युरोपात सर्वत्र आढळणारी जाती म्हणजे सामान्य बार्बेरी, बर्बेरिस व्हल्गॅरिस. ती शेतकऱ्याच्या अनेक गरजा भागवी. काट्यांमुळे गुरे कुंपण ओलांडत नसत. आंबट फळांचा मुरंबा होई, सालीतून व मुळातून पिवळा रंग निघे, औषधातही ती चाले. सतराव्या शतकात युरोपीय वसाहतकार अमेरिकेला निघाले तेव्हा बियाण्यांच्या पिशव्यांबरोबर त्यांनी हे झुडूपही नेले. न्यू इंग्लंडच्या शेतांभोवती त्याची कुंपणे उभी राहिली. आणि त्याच शेतांत गहू होता.

५/२२
आता पीडिताविषयी. गव्हाच्या खोडावर विटकरी रंगाचे फोड उठतात, ते फुटून भुकटी उडते. हंगाम सरत आला की तेच फोड काळे पडतात. म्हणून हा ‘काळा तांबेरा’. आपल्याकडे या रोगाला गेरवाही म्हणतात. खोडाची नाकेबंदी झाल्याने दाण्यात अन्नरस उतरत नाही आणि दाणा चिपाड राहतो. प्राचीन रोमन लोक रोबिगस या तांबेऱ्याच्या देवतेला दरवर्षी २५ एप्रिलला बळी देत. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात नर्मदेच्या खोऱ्यात या रोगाने गव्हाची मैलोन् मैल शेते गेली. कापणीचा खर्चही निघणार नाही म्हणून लोकांनी उभे पीक सोडून दिले, असे विल्यम स्लीमन याने आपल्या आठवणींत नोंदवले आहे.

६/२२
आरोप प्रथम केला तो शेतकऱ्यांनी. बार्बेरीच्या कुंपणालगतचा गहू आधी तांबारतो, कुंपणापासून दूर जावे तसा रोग कमी होतो, हे त्यांनी वर्षानुवर्षे पाहिले होते. अमेरिकेतील कनेक्टिकट वसाहतीने १७२६ मध्ये बार्बेरीच्या निर्मूलनाचा कायदा केला. १७५५ मध्ये मॅसॅच्युसेट्सने तोच मार्ग धरला. रोग सूक्ष्म जिवांमुळे होतो, हे तोवर कोणालाही सिद्ध करता आले नव्हते. कायदा उभा होता तो केवळ बांधावरून केलेल्या निरीक्षणावर.

७/२२
विद्वानांना हे पटेना, आणि त्यांचा आक्षेप अगदीच निराधार नव्हता. बार्बेरीच्या पानावर वसंतात नारिंगी ठिपके येतात आणि पानाच्या खालच्या बाजूस इवल्या पेल्यांचे झुबके दिसतात. गव्हावरील फोडांशी त्यांचे काहीच साम्य नाही. झुडूप कुठे, गवताच्या कुळातला गहू कुठे! शिवाय तांबेरा हा वनस्पतीच्या बिघडलेल्या रसाचा परिणाम आहे, ही समजूत खोलवर रुजलेली होती. इटलीच्या फेलिचे फोन्ताना याने १७६७ मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली तांबेरा पाहून तो परजीवी सजीव असल्याचे मांडले. तरी झुडपाचा संबंध सिद्ध व्हायचाच होता.

८/२२
१८०५ मध्ये सर जोसेफ बँक्स यांनी गव्हाच्या या रोगावर एक पुस्तिका प्रसिद्ध केली. कॅप्टन कुकबरोबर पृथ्वीप्रदक्षिणा केलेले हे निसर्गशास्त्रज्ञ तेव्हा लंडनच्या रॉयल सोसायटीचे अध्यक्ष होते. बार्बेरीवरील बुरशी आणि गव्हावरील बुरशी एकच असावी आणि तिचे बीज झुडपावरून पिकावर जात असावे, अशी शक्यता त्यांनी त्यात बोलून दाखवली. शेतकऱ्यांच्या म्हणण्याला विद्वत्सभेत मिळालेला हा मोठा आधार. मात्र तो तर्क होता. प्रयोग कोणी केला नव्हता.

९/२२
तो प्रयोग केला डेन्मार्कमधील एका शाळामास्तराने. नील्स शोलर याने १८१६ मध्ये बार्बेरीची रोगट पाने राय या धान्याच्या रोपांवर चोळली. काही दिवसांनी नेमक्या त्याच रोपांवर तांबेरा उठला. आसपासची रोपे निरोगी राहिली. ना प्रयोगशाळा, ना पदवी, तरी प्रयोगाची मांडणी निर्दोष. दोन वर्षांनी त्याने तो प्रसिद्धही केला. पण हे लेखन डॅनिश भाषेत होते आणि लिहिणारा खेड्यातला शिक्षक. युरोपच्या पंडितांनी त्याची फारशी दखल घेतली नाही.

१०/२२
निकाल लागायला आणखी अर्धे शतक जावे लागले. जर्मन शास्त्रज्ञ अँटोन डी बारी यांनी १८६५-६६ मध्ये गव्हाच्या काळ्या तांबेऱ्याचे बीजाणू रुजवले आणि त्यांपासून निघालेले सूक्ष्म बीजाणू बार्बेरीच्या कोवळ्या पानांवर टाकले. पानांवर ओळखीचे नारिंगी ठिपके आले. मग उलट दिशेने त्या पेल्यांतील बीजाणू धान्याच्या रोपांवर सोडले. तेथे तांबेरा आला. पक्सिनिया ग्रॅमिनिस ही एकच बुरशी दोन अगदी भिन्न वनस्पतींवर आपले आयुष्य वाटून जगते, हे सिद्ध झाले. बांधावरचा शेतकरी बरोबर होता.

११/२२
या बुरशीचे जीवनचक्र पाच प्रकारच्या बीजाणूंतून फिरते. गव्हावरचे विटकरी बीजाणू पुन्हा गव्हालाच लागतात आणि दर दोन आठवड्यांनी नवी पिढी उभी करतात. हंगामाच्या अखेरीस काळे, जाड कवचाचे बीजाणू तयार होतात. ते कडाक्याची थंडी काढतात. वसंतात त्यांतून निघणारे नाजूक बीजाणू गव्हाला लागू शकत नाहीत. त्यांना बार्बेरीच हवी. तेथे नर-मादीसारखा संयोग होतो आणि त्यातून आलेले बीजाणू पुन्हा गव्हाकडे जातात. थंड देशात बार्बेरी नसेल, तर ही साखळी तुटते.

१२/२२
या ज्ञानाचा पहिला ठळक उपयोग डेन्मार्कने केला. १९०३ च्या कायद्याने तेथे शेतांजवळची बार्बेरी उपटली जाऊ लागली आणि थोड्याच वर्षांत काळ्या तांबेऱ्याचे थैमान ओसरले. शोलरच्या मायदेशातच त्याचे म्हणणे खरे ठरावे, हा काळाचा न्याय. परंतु या झुडपावरील सर्वांत मोठी मोहीम निघाली अटलांटिकच्या पलीकडे, आणि तिला निमित्त झाले एका महायुद्धाचे.

१३/२२
१९१६ मध्ये उत्तर अमेरिकेच्या गहू पट्ट्यात काळ्या तांबेऱ्याची भयंकर साथ आली. अमेरिकेचे सुमारे २० कोटी बुशेल आणि कॅनडाचे सुमारे १० कोटी बुशेल गव्हाचे नुकसान झाले. एक बुशेल गहू म्हणजे सुमारे २७ किलो. युरोप युद्धात होरपळत होता, अन्नासाठी अमेरिकेकडे पाहत होता. १९१७ मध्ये नॉर्थ डकोटा राज्याने बार्बेरीविरुद्ध कायदा केला आणि १९१८ मध्ये केंद्र सरकार व १३ राज्यांनी मिळून निर्मूलनाची मोहीम सुरू केली. मिनेसोटा विद्यापीठाचे एल्विन स्टॅकमन हे तिचे प्रमुख प्रवर्तक.

१४/२२
भित्तिपत्रकांवर बार्बेरी देशाची शत्रू म्हणून रंगवली गेली. शाळकरी मुलांना झुडूप ओळखायला शिकवले, शोधून काढणाऱ्यांना पदके दिली. सरकारी पथके घरोघरच्या बागा, शेतांचे बांध, नदीकाठची राने धुंडाळू लागली. नुसते तोडून भागत नसे. मुळातून नवे धुमारे फुटत. म्हणून बुंध्याशी मीठ किंवा रॉकेल ओतले जाई. १९७० च्या दशकापर्यंत चाललेल्या या मोहिमेत सुमारे ५० कोटी झुडपे नष्ट झाली. एका वनस्पतीविरुद्ध माणसाने इतक्या चिकाटीने केलेल्या लढाया इतिहासात थोड्याच आहेत.

१५/२२
येथे वनस्पतिशास्त्राची खरी कसोटी लागली. आरोप ‘बार्बेरी’वर होता, पण बार्बेरी एक नव्हे, शेकडो. बागांत सामान्य बार्बेरीइतकीच जपानी बार्बेरी, बर्बेरिस थुनबर्गी, लोकप्रिय होती आणि तिच्यावर तांबेऱ्याची बुरशी वाढत नाही. मग ओळखायचे कसे? सामान्य बार्बेरीच्या पानाची कड दंतुर, काटा बहुधा तीन टोकांचा, फळे लोंबत्या घोसात, फांदी करडी. जपानी बार्बेरीच्या पानाची कड सरळ, काटा एकटा, फळे एकेकटी किंवा दोन-चारच्या झुबक्यात, फांदी तांबूस. पानाच्या कडेवरून झुडपाच्या जगण्या-मरण्याचा निर्णय होऊ लागला.

१६/२२
जपानी बार्बेरीचे बी १८७५ मध्ये रशियातील सेंट पीटर्सबर्गहून बोस्टनच्या आर्नल्ड आर्बोरेटम या वृक्षोद्यानात आले होते. सामान्य बार्बेरी गुन्हेगार ठरल्यावर ‘निर्दोष’ पर्याय म्हणून हिचा खप वाढला. जांभळ्या, सोनेरी पानांचे वाण निघाले. पुढे हीच जपानी पाहुणी अमेरिकेच्या पूर्वेकडील जंगलांत घुसली आणि तिने स्थानिक रोपट्यांची जागा बळकावली. दोन जातींचा संकर झाला, तर संततीत रोगाला थारा देण्याचा गुण येऊ शकतो, हा धोकाही आहेच. म्हणून कोणते वाण विकता येतील, याची अधिकृत यादी अमेरिकेत आजही ठेवावी लागते.

१७/२२
दरम्यान झुडपाचा दुसरा, अधिक गंभीर दोष उघड झाला. कॅनडातील विनिपेगच्या प्रयोगशाळेत जॉन क्रेगी यांनी १९२७ मध्ये दाखवून दिले, की बार्बेरीच्या पानावरील मधाळ ठिपक्यांत या बुरशीचा संयोग घडतो आणि माश्या त्यात मध्यस्थी करतात. म्हणजे बार्बेरी ही केवळ रोगाची हिवाळ्यानंतरची पहिली पायरी नव्हती. तेथे बुरशीच्या गुणांची सरमिसळ होऊन नवनवे उपप्रकार जन्माला येत होते. प्रतिकारक म्हणून मोठ्या कष्टाने तयार केलेले गव्हाचे वाण काही वर्षांत का हरतात, याचे एक उत्तर येथे मिळाले.

१८/२२
मग मोहीम यशस्वी झाली का? बऱ्याच अंशी झाली. स्थानिक साथी कमी झाल्या, नवे उपप्रकार निपजण्याचा वेग मंदावला. परंतु तांबेऱ्याचे विटकरी बीजाणू वाऱ्यावर शेकडो मैल जातात. टेक्सास व मेक्सिकोच्या उबदार प्रदेशात बुरशी हिवाळाभर गव्हावरच तग धरी आणि वसंतात वाऱ्याबरोबर उत्तरेस येई. १९५० नंतर ‘१५-ब’ नावाच्या उपप्रकाराने अमेरिकेच्या डुरम गव्हाची धूळधाण केली. आरोपी दोषी होता; पण तो एकटा नव्हता.

१९/२२
भारतात हा खटला कसा चालला? हिमालयात बार्बेरीच्या अनेक जाती आहेत. बाजारातील दारुहळद त्यांपैकी तीन-चार जातींतून येते. अमेरिकेचे अनुकरण करून त्या उपटाव्यात, असे वाटणे स्वाभाविक होते. आग्रा येथील करमचंद मेहता यांनी १९२० च्या दशकापासून आयुष्यभर या प्रश्नाचा पाठपुरावा केला. त्यांचा निष्कर्ष अनपेक्षित होता: भारतात दरवर्षी येणाऱ्या काळ्या तांबेऱ्यात बार्बेरीचा हात नाही. मैदानी उन्हाळ्यात बुरशीचे बीजाणू मरतात. ती जगते ती थंड डोंगराळ भागात, अवेळी उगवलेल्या गव्हावर. आणि तेथून वाऱ्याने खाली येते.

२०/२२
दक्षिणेत हे आश्रयस्थान म्हणजे निलगिरी आणि पळणीचे डोंगर. मौज अशी, की निलगिरीतही बार्बेरी आहे. तिच्या बर्बेरिस टिंक्टोरिया या नावातच ‘रंगाची’ असा अर्थ आहे. एकाच डोंगरावर रोगही आणि झुडूपही. कोणीही तिलाच दोषी ठरवले असते, पण पुरावा तसे सांगत नाही. निलगिरीवरून निघालेले बीजाणू बंगालच्या उपसागरातील वादळांच्या वाऱ्यांबरोबर मध्य भारतात पोहोचतात, हे पुढील संशोधनाने दाखवले. आपल्या महाबळेश्वरला गहू गेरवा संशोधन केंद्र आहे. तेथे गव्हाच्या वाणांची तांबेऱ्याविरुद्ध परीक्षा होते, ती याच लढाईचा भाग.

२१/२२
खटला अजून संपलेला नाही. २०१० मध्ये अमेरिकन संशोधकांनी दाखवले, की गव्हाच्या पिवळ्या तांबेऱ्याच्या बुरशीचे, शतकभर न सापडलेले दुसरे आश्रयस्थानही बार्बेरीच आहे. २०१३ मध्ये इंग्लंडच्या सफोक परगण्यात, अनेक दशकांनंतर, काळ्या तांबेऱ्याने ग्रासलेले गव्हाचे एक रोप आढळले. त्याच इंग्लंडमध्ये सामान्य बार्बेरीच्या पानांवरच जगणारा एक दुर्मिळ पतंग नामशेष होऊ घातला आहे आणि त्याला वाचवण्यासाठी निसर्गप्रेमी बार्बेरी पुन्हा लावत आहेत. पतंग वाचवावा की पीक? आज यावर उत्तर शोधले जाते ते अंतराचे: लावा, पण शेतापासून दूर.

२२/२२
या तीनशे वर्षांतून दोन गोष्टी हाती लागतात. न्यू इंग्लंडच्या शेतकऱ्याला बुरशीचे नाव ठाऊक नव्हते, शोलरकडे पदवी नव्हती. तरी दोघांनी पाहिले ते खरे होते, आणि ते मान्य व्हायला लागलेल्या विलंबाची किंमत पिकांनी मोजली. दुसरी गोष्ट मेहतांनी शिकवली: एका देशात सिद्ध झालेला दोष दुसऱ्या देशातील आप्तांवर लादता येत नाही. पाचशे जातींच्या वंशात दोषी कोण, कुठे आणि कोणत्या हवामानात, हे दर वेळी नव्याने तपासावे लागते. ते तपासले गेले, म्हणून हिमालयातील दारुहळद तांबेऱ्याच्या नावाखाली कुऱ्हाडीला बळी पडली नाही.

(समाप्त)